न जाणारा बल्ब

"कनेक्शन तोडा, सायेब. मशीन इकतोय म्या."

कर्जतजवळच्या गावातले रामभाऊ शिंपी बोलत होते. सत्तरचं दशक नुकतंच लागलेलं. मी वीज खात्यात ज्युनिअर इंजिनिअर, अर्ज आला म्हणून वायरमन गेनूला घेऊन गेलो होतो.

"का हो?"

"डोळं गेलं. सुईत दोरा जाईना. लोकांची कापडं नासन्यापरीस बंद केल्यालं बरं. उद्या गिऱ्हाईक मशीन न्यायला येतंय."

त्यांची बायको पारूबाई पदरानं डोळे पुसत होती. मला वाईट वाटलं. वर बघितलं, तर त्या बिनखिडकीच्या खोलीत पिवळा, मरतुकडा बल्ब.

"बगता काय? सात वर्सं झाली, गेला न्हाई!" दुःखातही रामभाऊंची छाती फुगली.

माझं डोकंच चक्रावलं. शिंप्याच्या घरचा, दिवसरात्र जळणारा बल्ब सात वर्षं? पुऱ्या व्होल्टेजवर वर्षभर टिकला तरी खूप झालं! व्होल्टमीटर लावला. दोनशे तीस व्होल्ट हवेत, तिथं जेमतेम एकशे सत्तर. व्होल्टेज उतरलं की बल्बची तार कमी तापते, म्हणून टिकते. वीज तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वाचते, उजेड मात्र निम्म्याच्याही खाली जातो. काटकसर कसली, निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार.

लाइन बंद करून गेनू खांबावर चढला. आळीकडे जाणाऱ्या तारेचा जोड गंजून ढिला पडला होता. घासला, आवळला, लाइन चालू केली. खोली लख्ख झाली आणि फट्!

"आरं द्येवा! मारला की वो माजा बल्ब!"

"मारला नाही, रिटायर केला," मी म्हणालो.

गेनूनं पिशवीतला नवा बल्ब लावला. रामभाऊंनी मशीनवरचा सदरा उचलला. निळ्या कापडावर काळा दोरा!

"कोन्या गाढवानं शिवलं हे?"

"तुमीच की!" पारूबाई रडता रडता हसली.

त्यांनी सुई घेतली. दोरा पहिल्याच खेपेला आत. मग तेही लहान पोरागत रडले.

"तोडू कनेक्शन?" मी विचारलं.

"हात तर लावा!"

पुढच्या वर्षी रामभाऊ ऑफिसात हजर, तणतणत. "तुमचा बल्ब गेला की वो! पयला सात वर्सं टिकला हुता."

"आणि मशीन?"

"दोन झाली आता."

"मग तक्रार कसली?"

"बल्बची!"

मी हात जोडले. बल्ब किती टिकला हे लोक गावभर सांगतात. त्याच्याखाली दिसतं का, हे कुणी विचारत नाही.