वर्ध्याच्या कोकिळेचं लग्न

माझ्या प्रसिद्धीची बातमी मला भांडी घासताना कळली. आमच्या गल्लीतून सायकलरिक्षा चालली होती, तिच्यावर भोंगा बांधलेला, आणि भोंग्यातून एक माणूस ओरडत होता की रविवारी शाळेच्या मैदानावर ऑर्केस्ट्रा आहे आणि त्यात गाणार आहे वर्ध्याची कोकिळा. मी राखेचे हात तसेच धरून फाटकाशी गेले. शेजारच्या काकूही बाहेर आल्या होत्या.

"कोन आहे वं हे कोकिळा?" त्यांनी विचारलं.

"कोनास ठाऊक," मी म्हणाले, आणि परत येऊन कढई घासायला बसले.

कोकिळा मी होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी कॉलेजात होते आणि स्नेहसंमेलनात दोन गाणी म्हटली होती. ती ऐकून ऑर्केस्ट्राचे मालक आमच्या घरी आले. ते अ‍ॅकॉर्डियन वाजवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. बाबा एका कचेरीत कारकून. त्यांनी मास्तरांना चहा दिला, पाटावर बसवलं, आणि पाऊण तास विचार करून निकाल दिला.

"गाऊ द्या. पोरीचा आवाज देवानं देल्ला, आपन कोन अडवनारे? पन हँडबिलावर तिचं नाव नाई येनार. उद्या लग्नाची बोलनी निंघाली का कोनी कागद काढून दाखवल, हे पाहा तुमची सून."

आई आतून म्हणाली, "नुसतं आडनाव टाकलं तं?"

"आडनाव माह्यं आहे," बाबा म्हणाले.

मास्तर लगेच कबूल झाले. इतक्या लगेच की तेव्हाच शंका यायला हवी होती. कोकिळा हे नाव त्यांच्या खिशात तयारच होतं. मला कोणी काही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. माईकसमोर उभं राहायला मिळणार, एवढ्यावर मी खूश होते.

ऑर्केस्ट्रात तसंही कोणी स्वतःचं म्हणून गात नसे. एक जण मुंबईच्या अमुक गायकाचा आवाज, दुसरा तमुक गायकाचा. मी मुंबईच्या एका मोठ्या बाईंचा आवाज होते. त्यांनी जिथे श्वास घेतला तिथेच मी घ्यायचा, त्या जिथे हसल्या तिथेच हसायचं. जरा इकडे-तिकडे झालं तर मास्तर अ‍ॅकॉर्डियनवरून डोळे वटारत. इको मशीन लावलं की माझा आवाज विहिरीत पडल्यासारखा घुमायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे.

टाळ्या मला आवडायच्या. आता चळवळीतले काही जण म्हणतात की प्रसिद्धीचा मोह वगैरे वाईट. ज्यांना कधी टाळ्या पडल्या नाहीत तेच हे म्हणतात. बांगड्या भरायला गेले की कासारीण माझा हात धरून ठेवायची, तोंडाकडे बघायची, आणि दोन बांगड्या जास्त भरायची. काही बोलायची मात्र नाही. माझं गाव मला ओळखत होतं आणि न ओळखल्यासारखं करत होतं. मला त्याची गंमत वाटायची. एवढे लोक मिळून एक गोष्ट माहीत नसल्याचं सोंग कसं करतात?

हँडबिल गुलाबी कागदावर निघायचं. वर पक्ष्याचं चित्र. प्रेसमध्ये कोकिळेचा ठसा नव्हता म्हणून पोपटाचा लावला होता. त्याच प्रेसमध्ये आमच्या संघटनेची पत्रकं छापली जायची. आम्ही सात-आठ पोरं-पोरी होतो. कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी, हुंडा, गावातला हँडपंप, जे दिसेल त्यावर पत्रक. खाली सगळ्यांची नावं. माझंही. हुंड्यावरचं पत्रक बाबांच्या कचेरीत चिकटवलेलं होतं आणि बाबा ते लोकांना दाखवायचे. ते समाजकार्य होतं ना. हुंड्याविरुद्ध ओरडणाऱ्या मुलीचं नाव चारचौघांत चालतं, गाणाऱ्या मुलीचं चालत नाही. हा हिशोब मला अजून कोणी समजावून सांगितलेला नाही.

संघटनेतल्या एकाकडे टेपरेकॉर्डर होता. बायांची गाऱ्हाणी भरून घ्यायला आणला होता. मी कापूस वेचणाऱ्या बायांवर एक गाणं केलं होतं, चालही माझीच. एका दुपारी ते टेपमध्ये म्हटलं आणि ऐकलं. मी दचकले. हा कोणाचा आवाज? जाडसर, जरा खालचा, शब्दाच्या शेवटी दाबला जाणारा. मुंबईच्या बाईंचा नव्हता. मी ती टेप चार वेळा मागे फिरवून ऐकली. जिच्या आवाजाला दोन वर्षं टाळ्या पडत होत्या तिची आणि माझी ओळखच नव्हती.

मी मास्तरांकडे गेले. म्हणाले, दहा गाणी तुमची, एक माझं. आणि हँडबिलावर माझं नाव.

मास्तर पान लावत होते. "नाव कायले पाह्यजे तुले? टाळ्या तं पडूनच राह्यल्या ना."

"टाळ्या कोकिळेला पडतात."

"मंग? कोकिळा कोन आहे? कोकिळा माह्या ऑर्केस्ट्राची आहे. तुह्या बापानंच म्हटलं होतं, नाव टाकू नोको."

"मग मी आर्वीला येत नाही."

"नोको येऊ," मास्तर म्हणाले आणि पान तोंडात घातलं.

आर्वीचा कार्यक्रम पंधरा दिवसांवर होता. मला वाटलं, रद्द होईल. आठव्या दिवशी रिक्षा फिरली. आर्वीच्या मैदानावर, वर्ध्याची कोकिळा.

बाबा म्हणाले, "बरं झालं, सुटलो." माझ्या अंगाची आग झाली. पण त्याहून जास्त, खरंच सांगते, मला बघायचं होतं. माझ्याशिवाय मी कशी दिसते? मैत्रिणीकडे जाते सांगून दुपारची एस.टी. पकडली आणि आर्वीला उतरले. मैदानावर सतरंज्या होत्या, मधून दोर बांधून एक बाजू बायांची. मी बायांमध्ये मध्यावर बसले. अजून उजेड होता.

ती आली. माझ्याएवढीच, जरा भरलेली. पिवळी साडी. मी नेसायचे तशीच पिवळी. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती माईकपाशी उभी राहिली, आणि ती माझी खोड होती. कोणीतरी तिला ती शिकवली होती. मी स्वतः ती कधी शिकले होते ते मला आठवेना.

माझ्यापुढे दोन बाया बसल्या होत्या.

"हेच होय का थे कोकिळा?"

"हो ना. मागच्या साली आलती. तवा वाळली होती."

"आता भरली. आवाज बी भरला."

मला राहवलं नाही. "तीच आहे का नक्की?"

दुसरीने वळून माझ्याकडे पाहिलं. "तू नवी दिसतं, बाई. आमी दर साली पाह्यतो हिले."

मी परत माईककडे बघितलं. ती चांगली गात होती. वरच्या सुरावर मी जिथे थरथरायचे तिथून ती सरळ निघून गेली. टाळ्या पडल्या, अगदी माझ्याच टाळ्या. मला वाटलं होतं रडू येईल. त्याऐवजी मी तिला नीट बघत बसले, जसं शिंप्याकडे आपलं माप दुसऱ्याच्या अंगावर चढलेलं बघावं.

मध्यंतरात मैदानामागच्या शाळेच्या खोलीत गेले. ती बाकावर बसून पाणी पीत होती. शेजारी तिची आई, मांडीवर डबा. त्या नागपूरहून आल्या होत्या.

"कोन पाह्यजे?" आईने विचारलं.

"मी आधीची कोकिळा."

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. मग आई म्हणाली, "पन तिचं तं लग्न झालं."

"कोणी सांगितलं?"

"मास्तरनं. मोठ्या घरी देल्ली म्हने. नवऱ्यानं गानं सोडवलं."

म्हणजे मला नवरा मिळाला होता आणि त्याने माझा छळही सुरू केला होता. मी उभ्या उभ्या हसू लागले. मुलगीही हसली, तिची आई मात्र हसली नाही.

"ताई, मले काई माहीत नव्हतं," मुलगी म्हणाली.

"तुझं नाव काऊन नाही हँडबिलावर?" मी विचारलं.

उत्तर आईने दिलं. "नाई बाई. उद्या पोरीच्या लग्नाचं पाहावं लागन. कोनी कागद दाखवला म्हंजे?"

मी भांडायला गेले होते. पत्रकात लिहावीत तशी चार वाक्यं तोंडात तयार होती. ती तशीच राहिली. मी तिला एवढंच विचारलं की वरचा सूर तिला लागतो कसा. ती म्हणाली, पट्टी अर्ध्या सुराने उतरवून घेते, ऐकणाऱ्यांना कळत नाही. हे मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. शेवटच्या एस.टी.ने घरी आले आणि बाबांना सगळं सांगितलं, आर्वीला गेल्याचंही. बाबा रागावले ते आर्वीला गेले म्हणून. लग्नाची गोष्ट त्यांना फालतू वाटली.

ती फालतू नव्हती हे महिनाभराने कळलं. सेलूहून एक गृहस्थ स्थळ घेऊन आले. शेती, मुलगा शिक्षक. मला चहा घेऊन बाहेर पाठवलं. गृहस्थांनी कप घेतला, माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं.

"हे लहानी काय मंग?"

"लहानी? मले एकच पोरगी आहे," बाबा म्हणाले.

"आमच्याकडं तं आयकलं का तुमची गानारी देऊन टाकली. कोकिळा."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या नावासाठी दोन वर्षं गल्लीने, कचेरीने, आमच्या घराने सोंग केलं, ते सेलूपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. नुसतं छापलेलं नव्हतं, एवढंच. आता बाबांनी काय म्हणावं? कोकिळा माझी मुलगी, म्हटलं तर मुलगी लग्न झालेली. कोकिळा माझी मुलगी नाही, म्हटलं तर समोरचा माणूस हसला असता.

"मंग आर्वीले गाते थे कोन व्हय?" गृहस्थांनी विचारलं. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

बाबांनी बशीत चहा ओतला आणि पीतच राहिले. स्थळ परत आलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये गेले. नालवाडीत आमच्या संघटनेची बायांची सभा व्हायची होती, रविवारी चार वाजता. मी सभेनंतर गाण्याचा कार्यक्रम ठेवला. पेटी, तबला आणि मी. हँडबिल साध्या पांढऱ्या कागदावर, चित्र नाही. वर माझं नाव. नुसतं माझं, मोठ्या टायपात. बापाचं नाही, आडनाव नाही. आम्ही संघटनेत तसं ठरवलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

पहिली प्रत मी बाबांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला.

"इचारावंसं नाई वाटलं तुले?"

"तुम्ही मास्तरांना अट घातली तेव्हा मला विचारलं होतं?"

"लोकं काय म्हनतीन?"

"म्हणून झालं त्यांचं, बाबा. लग्न लावून मोकळे झाले."

ते कागदाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता फाडतील. मी फाडायची वाट बघत होते, कारण फाडला असता तर पुढचं सोपं होतं. घर सोडायचं, मैत्रिणीकडे राहायचं, मी मनात ट्रंकही भरली होती.

"माह्यं नाव काऊन काढलं?" ते म्हणाले.

दोन वर्षं ज्यांनी स्वतःचं नाव गाण्याला लागू दिलं नाही, त्यांना आता ते गळालेलं टोचत होतं. माझ्याकडे याचं तयार उत्तर होतं, बायकांनी आयुष्यभर कोणा ना कोणाचं नाव मागे का वाहायचं, वगैरे. ते मी दिलं. दहा मिनिटं दिलं. बाबांनी ऐकलं, कागदाची घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली आणि कचेरीत निघून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. आईने शनिवारी विचारलं, "उद्या जेवून जाशील का येऊन जेवशील?" त्यावरून मला कळलं की निदान दार लावणार नाहीत.

नालवाडीत फार लोक नव्हते. सभेच्या बाया, काही पोरं, कडेला सायकली लावून उभे असलेले पुरुष. इको मशीन नव्हतं. माईक हातात घेतला तर तो गरम होता, आधीच्या भाषणाने. मागून कोणीतरी म्हणालं, "कोकिळा केव्हा येनार?"

"कोकिळा येणार नाही," मी म्हणाले आणि माझं नाव सांगितलं. माईकमधून ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुढे एक म्हातारा बसला होता, हातात काठी. त्याचं समाधान झालं नाही. "पन कोनाची पोरगी?"

मला संताप आला. नाव सांगितलं तरी यांना मालक पाहिजे. म्हाताऱ्याने मान वळवली, सायकलींपाशी उभ्या असलेल्या एका शहरी दिसणाऱ्या माणसाला विचारलं, "कोनाची होय जी हे?"

ते बाबा होते. केव्हा आले मला माहीत नाही. सायकलचं हँडल त्यांनी अजून धरलेलं होतं.

"मले कायले इचारता?" बाबा म्हणाले. "माईक तिच्या हातात आहे. तिलेच इचारा."

सगळ्या बाया माझ्याकडे बघू लागल्या. कोणाची पोरगी या प्रश्नावर माझं अख्खं पत्रक पाठ होतं. मी ते म्हणणार होते, आणि म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. पण बाबा उन्हात उभे होते, खिशात कागदाची घडी दिसत होती, आणि तिथे मला दुसरंच काही खरं वाटलं.

"कोनाची नाई," मी म्हणाले. "ते तिथे उभे आहेत ना, ते माझे बाबा आहेत."

म्हाताऱ्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "असं," तो म्हणाला, आणि काठी आडवी ठेवून मांडी घालून बसला. बाबांनी सायकल स्टँडवर लावली. मी पेटीवाल्याला पट्टी सांगितली, अर्ध्याने खालची.