चिन्नीची शाळा आणि हौसाक्का

हौसाक्कांकडे कुणी काहीही विचारायला गेलं, तरी त्या आधी लेकराला काट्याला लावत. अंगणवाडीच्या दाराच्या चौकटीला एक हूक होता. त्याला टांगता वजनकाटा आणि खाली कापडी झोळी. आई सांगत राही की लेकरू जेवत नाही, चिडचिड करतं, याला कुठल्या डॉक्टरला दाखवू. अक्का काट्याजवळ डोळे नेऊन उभ्या. आकडा वहीत लिहून झाला की चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "मी वजन सांगते बाई. बाकीचं तुझं तू बघ."

मला या वाक्याचा फार राग यायचा.

अंगणवाडी म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाची पत्र्याची एक खोली. भिंतीपलीकडे टॉवेलचा कारखाना. मागांचा खडखडाट दिवसभर चालायचा, त्यामुळे अक्कांचा आवाज कायमचाच चढा झाला होता. त्या अंगणवाडीच्या बाई, मूळच्या माढ्याकडच्या. सोलापुरात आल्या तेव्हा त्यांना तेलुगूचा एक शब्द येत नव्हता आणि आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतल्या पोरांना मराठीचा. म्हणून त्या पोरांकडूनच तेलुगू शिकल्या. गंमत अशी की तीस वर्षं बोलूनही त्यांची तेलुगू तीन वर्षांच्या लेकराएवढीच राहिली. पाणी पाहिजे, आई कुठं गेली, हिनं मला मारलं, एवढं सगळं त्यांना अस्खलित यायचं. लग्नकार्याचा किंवा आजारपणाचा विषय निघाला की त्या मराठीवर येत. माझ्या सासूबाई चेष्टा करत, "हौसाक्का, तुम्ही आमच्या भाषेत मोठ्या कधी होणार?" अक्का म्हणत, "मोटी हून काय करू? मोटी मानसं लई खोटं बोलत्यात."

त्या वेळी मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बारावीनंतर लग्न झालं, मुलगी झाली, आणि ती दोन वर्षांची झाल्यावर मी कॉलेजात नाव घातलं. माहेर आणि सासर मिळून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्याचा आमच्या घरात एक परिणाम झाला आहे. ज्या गोष्टीतलं कुणालाच काही कळत नाही, ती माझ्यावर येते. गॅसचा अर्ज, दवाखान्याचे कागद, आणि चिन्नीची शाळा. तिचं नाव श्रीजा, पण घरी सगळे चिन्नी म्हणतात. नवरा कारखान्यात माग चालवतो. तो म्हणाला, "तू कॉलेजला जातीस, तुलाच कळणार की."

मला काहीच कळत नव्हतं. मी स्वतः थेट पहिलीत गेलेली. त्याआधी माझी आई विड्या वळायची, तिच्या सुपाशेजारी मी बसून असायची.

तरी मी चिन्नीला घेऊन शाळा बघायला निघाले. एका ठिकाणी मॅडमनी मला भिंतीवरच्या पडद्यावर वर्गातले कॅमेरे दाखवले. एका चौकटीत एक मुलगी कोपऱ्याकडे तोंड करून उभी होती. मी तिच्याकडे बघत होते आणि मॅडम चित्र किती स्वच्छ दिसतं ते सांगत होत्या. दुसऱ्या शाळेत आईवडिलांची मुलाखत होती. शाळेकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत, असं इंग्रजीत विचारलं. मी रात्रंदिवस पाठ केलेलं वाक्य आयत्या वेळी विसरले. तिसऱ्या शाळेत चिन्नीला चार रंगीत ठोकळे दाखवले. कारखान्यातल्या सुतामुळे तिला रंग सगळे येतात, पण तेलुगूत. तिनं बरोबर सांगितलं. बाईंनी कागदावर फुली मारली.

शेवटी मी अक्कांकडे गेले. "तीस वर्षं लहान मुलांत आहात. तुम्हीच सांगा, कुठं घालू?"

अक्कांनी चिन्नीला झोळीत बसवलं. "पोर दिवसभर काय करती घरात?"

"मी शाळेचं विचारतेय अक्का."

"आन् मी पोरीचं इचारतेय."

त्यांनी आकडा लिहिला आणि ते ठरलेलं वाक्य म्हणाल्या. मी तणतणत घरी आले. ज्यांना कळतं त्या सांगत नाहीत, आणि जिला कळत नाही तिनं ठरवायचं.

मग घरापासून जवळ म्हणून एका चौथ्याच इंग्रजी नर्सरीत नाव घातलं. आमच्याकडे सगळेच एक करतात. लेकरू नर्सरीत जातं, पण नाव अंगणवाडीच्या वहीत राहू देतात आणि महिन्याच्या वजनाला लेकराला तिथं नेऊन आणतात. मीही तेच केलं. पहिल्याच आठवड्यात नर्सरीतून निरोप आला, घरी मुलीशी फक्त इंग्रजीत बोला. मी तो निरोप परीक्षेच्या सूचनेसारखा पाळला. सासूबाईंना सांगितलं, तुम्ही तिच्याशी तेलुगूत बोलू नका. त्यांना तेलुगूशिवाय काही बोलता येत नाही, म्हणजे मी त्यांना बोलूच नका असं सांगितलं. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही. त्या बिचाऱ्या नातीला नुसत्या हातानं बोलवायला लागल्या.

दोन महिन्यांत चिन्नीचं बोलणं कमी होत होत बंद झालं. पाणी हवं असलं की माठाकडे बोट. भूक लागली की माझा पदर ओढणं. नर्सरीत विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "व्हेरी गुड चाइल्ड. अजिबात त्रास नाही." त्याच दिवशी गेटवर मी अक्कांना पाहिलं. त्यांची नात परी, त्याच गणवेशात, त्यांचं बोट धरून उभी होती. मला बघून अक्कांनी मान वळवली.

त्या महिन्याच्या वजनाला मी मुद्दाम सगळ्यात शेवटी गेले. अक्कांनी चिन्नीला झोळीत घातलं, आकडा लिहिला, आणि आपल्या बोबड्या तेलुगूत विचारलं, आई मारते का तुला? या प्रश्नाला सगळी पोरं हसून हो म्हणतात. चिन्नी त्यांच्याकडे बघत राहिली.

"पोर बोलंना का?" अक्कांनी मला विचारलं.

"शाळेनं सांगितलंय, घरी इंग्रजीतच बोलायचं."

"मग तू बोलतीस?"

"प्रयत्न करते."

"काय काय बोलतीस? सांग की मला."

मी आठवून सांगायला लागले. कम. सिट. ईट. डोन्ट क्राय. व्हॉट इज धिस. सांगता सांगता माझाच आवाज बारीक झाला, कारण पुढं काही नव्हतंच. दिवसभरात मी माझ्या मुलीशी एवढंच बोलत होते.

"ह्यातल्या कशाला लेकरानं उत्तर द्यायचं?" अक्का म्हणाल्या. "तूच सांग. तुला कुनी दिवसभर ऊठ, बस, खा म्हनलं तर तू काय बोलशील?"

मला रडू येत होतं, म्हणून मी भांडले. "मग तुमची परी कशी जाते त्याच शाळेत? मी विचारायला आले तेव्हा का नाही बोललात?"

अक्कांनी चिन्नीला उतरवलं आणि झोळी काढून तिची घडी घातली. मग म्हणाल्या, "हितं मी बाई हाय. घरी सासू हाय. सासूनं तोंड उगडलं की सुनेला टोमना वाटतोय. म्हनून घरात न्हाय बोलत. आन् घरात बोलायची ताकद न्हाय, तर गावाला कुटल्या तोंडानं सांगू?"

"घरी गप्प बसता आणि आमच्यावर चिडता."

"व्हय. तुज्यावर चिडता येतंय म्हनून."

मी चिन्नीला उचलून घरी आले. पण दुसऱ्या दिवसापासून मी चिन्नीला नर्सरीऐवजी अक्कांकडे सोडायला लागले. घरी सासूबाईंना म्हटलं, बोला तुम्हाला हवं ते. अक्कांनी मला एकच गोष्ट बजावली, "तिला काय बी इचारू नको. समदे नुसती परीक्षा घ्यायलेत तिची."

त्या स्वतःही चिन्नीला काही विचारत नसत. जेवणाच्या वेळी फक्त वाट्यांची चळत तिच्या हातात देत. चिन्नीनं एकेका मुलापुढं वाटी ठेवायची, मग मदतनीस बाई खिचडी वाढणार. दहा-बारा दिवस चिन्नी मुकाट्यानं वाट्या मांडत होती. मी कॉलेजातून येऊन दाराशी उभी राहायची आणि काहीच घडत नाही म्हणून आतल्या आत जळायची.

एके दिवशी मुस्काननं दोन वाट्या घेतल्या. मुस्कान चार वर्षांची, अंगानं चिन्नीच्या दुप्पट. चिन्नी तिच्यासमोर उभी राहिली आणि ओरडली, "नीदि कादु." तुझी नाही ती. मुस्काननं वाटी पोटाशी धरली. "मेरीच है." चिन्नीनं मग तिची आई, तिची वेणी आणि तिचं खाणं यांच्यावर तेलुगूत जे सुरू केलं ते थांबेना. मी धावत आत जाणार, तोच अक्कांनी माझं मनगट धरलं. त्या मोबाइलवर हजेरी भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शाबासकी द्यायला जाऊ नको. भांडू दे."

मला वाटलं आता सगळं मार्गी लागलं. तसं होत नाही. चार महिन्यांनी अक्का पासष्टच्या झाल्या आणि निवृत्त झाल्या. नवीन बाई चांगल्या आहेत, पण त्यांच्याकडे दोन अंगणवाड्यांचा भार आहे. जून जवळ आला आणि मी पुन्हा पहिल्या ठिकाणी येऊन उभी राहिले. शेवटी चिन्नीला जवळच्याच एका मराठी बालवाडीत घातलं. तिथल्या बाई तेलुगूत ऐकतात आणि मराठीत उत्तर देतात. हे बरोबर केलं की चूक, मला अजून माहीत नाही. शेजारणी विचारतात, "कॉलेजला जाऊन हेच शिकलीस का?"

अक्का गावी निघाल्या. उजनी धरणाच्या काठाला त्यांच्या नवऱ्याची थोडी केळीची बाग आहे, तो आधीच तिकडे राहायला गेला होता. मी भेटायला गेले तर दाराबाहेरच त्यांनी माझा हात धरला. आवाज कधी नव्हे तो खाली होता.

"परी बी गप होत चाललीय. सुनंला, सविताला, तू सांग. तू शिकलेली हायस, तुजं ऐकंल ती."

"मी? अक्का, मला बोलताना धड वाक्य सुचत नाही."

"मला तर सुचतंय. पर बोलता येत न्हाय."

त्या गेल्यावर पंधरा दिवस मी टाळाटाळ केली. मग एका दुपारी त्यांच्या सुनेकडे गेले. सवितानं चहा ठेवला. मी अडखळत चिन्नीचं सगळं सांगितलं, शेवटी अक्कांनी पाठवलंय हेही सांगून टाकलं. तिनं गॅस बारीक केला.

"त्यांनी? परीबद्दल?" ती म्हणाली. "ताई, शाळेचा फॉर्म मी मुद्दाम त्यांच्यासमोर बसून भरला होता. म्हटलं, तीस वर्षांचा अनुभव आहे, काहीतरी म्हणतील. त्या उठून पाणी भरायला गेल्या. मला वाटलं, दुसऱ्यांच्या पोरांत जीव आहे यांचा, घरातल्या पोरीचं काही वाटत नाही."

मला राग आला, पण कुणाचा ते कळेना. पाच मिनिटं बोलण्याचं काम होतं, आणि एक शहाणी बाई आणि एक वाट बघणारी सून एका घरात वर्षभर गप्प बसल्या होत्या. मी फोन काढला आणि अक्कांना लावला. पलीकडे पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. "कोन?" अक्कांनी विचारलं. मी फोन सविताच्या हातात दिला.

तिनं तो कानाला धरला. मग म्हणाली, "आई, मी सविता."

मी चहा संपवून चपला घालेपर्यंत पलीकडून अक्का चढ्या आवाजात काहीतरी सांगत होत्या, आणि सविता मधे मधे एवढंच म्हणत होती, "मग आधी का नाही बोललात?"