मावशीनं घातलेल्या वेण्या
अंगणात वाळणाऱ्या मोहफुलांचा गोड, जड वास आला की मला लेकीच्या वार्षिक परीक्षेचा तो आठवडा आठवतो. नवरा नोकरीनिमित्त बाहेरगावी, मी उपकेंद्रात नर्स आणि घरात शाळेत जाणारी दोन लेकरं. डबे, गणवेश, उजळणी यांत सकाळी श्वास घ्यायला फुरसत नसायची. त्यामुळे लेकीच्या वेण्या शेजारची मावशीच घालायची. तिला स्वतःचं मूल नव्हतं. त्या दिवशी ती झुंजुमुंजूलाच आली. “लवकर बस माय, मले मोहफुलं येचाले जा लागते,” म्हणत तिनं वेण्या घट्ट आवळल्या आणि टोपली घेऊन जंगलाकडे गेली. गणिताचा पेपर सुटायच्या आतच बातमी आली, तिला वाघानं मारलं. मी उपकेंद्रातून धावत गेले, पण करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. संध्याकाळी मी वेण्या सोडायला घेतल्या, तर लेकीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. “नाई सोडाच्या, आई. मावशीनं घातल्या.” उरलेले सगळे पेपर तिनं त्याच विस्कटलेल्या वेण्यांनी दिले. शेवटच्या पेपरानंतर ती सरळ मावशीच्या घरी गेली आणि मावशीच्या नवऱ्यापुढे पाठमोरी बसली. “काका, आता तुमी सोडा.” नांगर धरणारी ती राठ बोटं फितीच्या गाठीशी बराच वेळ चाचपडत राहिली. “हळूच सोडतो, पोरी,” एवढंच तो म्हणाला. लेक आता कॉलेजात आहे. मावशीचा नवरा रस्त्यात भेटला की अजूनही तिच्या अभ्यासाचं विचारतो.