लिनबाईंचं सहावं प्रकरण

निरोप आला तेव्हा मी कामावर होते. हीथ्रोच्या एका कार्गो ऑफिसात मी डेस्कवर बसते. सकाळची कागदपत्रं चालू होती आणि मोबाइलवर मेचा मेसेज आला. मे म्हणजे लिनबाईंची मुलगी. 'आई सकाळी गेली. शांतपणे. फ्युनरल गुरुवारी.' एवढंच. त्या जाणार हे डिसेंबरपासूनच ठाऊक होतं. आठ दिवसांपूर्वी हॉस्पिसमध्ये भेटून आले, तेव्हा त्यांनी माझा हात धरून फक्त नखं बघितली होती, आणि 'कापत जा' म्हणाल्या होत्या. नर्सचीच सवय ती. मी मेसेज वाचला, फोन खणात ठेवला आणि पुढचा फॉर्म भरला. रडू त्या दिवशी आलं नाही. गुरुवारी येईल असं वाटलं होतं, पण गुरुवारी जे झालं त्यानंतर रडू आलंच नाही, किळस आली. आज सहा आठवडे झाले, तरी तोंडातली ती चव जात नाही. स्मृतिलेखात माणसाच्या आठवणी लिहाव्यात, गोड लिहावं... मला तसं जमणार नाही. लिनबाईंना ते आवडलंही नसतं.

त्यांची माझी ओळख दोन हजार चारची. आम्ही नुकतेच अहमदनगरहून लंडनच्या हाउन्सलो भागात आलो होतो. आम्ही नगरचे ख्रिस्ती, मिशन कंपाउंडमध्ये वाढलेले, त्यामुळे घर लागायच्या आधी चर्च शोधलं. सकाळी इंग्रजी उपासना व्हायची आणि दुपारी तीच जागा चिनी मंडळी वापरायची. एका रविवारी चहानंतर मी हॉलच्या किचनमध्ये कप विसळत होते. शेजारी एक ठेंगणी, पांढऱ्या आखूड केसांची बाई उभी होती. तिने मी विसळलेला कप उचलला, उजेडात धरला आणि पुन्हा सिंकमध्ये ठेवला.

"ख्रिस्ती आहेस?" त्यांनी विचारलं.

"हो. आमच्याकडे चौथी पिढी."

"पहिल्या पिढीला कशाने आणलं?"

असं कुणी मला कधी विचारलं नव्हतं. इथले लोक 'हाउ लव्हली' म्हणून पुढे जातात. आणि नगरमध्ये आम्हाला दुष्काळी ख्रिस्ती म्हणून हिणवणाऱ्यांशी शाळेत मी भांडले होते. तरी का कोण जाणे, मी खरं सांगितलं. "दुष्काळाने. आणि महारवाड्यातून बाहेर पडायचं होतं म्हणून."

"आम्हाला अफूने," त्या म्हणाल्या. "तो कप नीट घास."

त्यांचं आडनाव लिन. मी त्यांना लिनबाई म्हणायला लागले, कारण आमच्याकडे शिकवणाऱ्या, दवाखान्यात काम करणाऱ्या सगळ्या बायकांना 'बाई'च म्हणत. त्यांनी अर्थ विचारला. माझी पणजी बायबलबाई होती, खेड्यापाड्यांत पायी हिंडून बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायची, हेही त्या ओघात सांगितलं. त्या पहिल्यांदाच हसल्या. त्यांची आजीसुद्धा तेच काम करायची, दक्षिण चीनमध्ये, शांतौ बंदराच्या आसपास. तिच्याही हातात एकच पुस्तक, आणि तिच्याही मागे पोरं दगड मारत यायची.

लिनबाई त्या वेळी पुस्तक लिहीत होत्या. तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत नर्स म्हणून राबून त्या लवकर निवृत्त झाल्या होत्या, आणि शाळेच्या रेघी वह्यांमध्ये इंग्रजीत आपल्या लोकांच्या ख्रिस्ती होण्याची गोष्ट लिहायला बसल्या होत्या. टायपिंग येत नव्हतं. ते मी करायचं ठरलं. दर शनिवारी सकाळी त्या फेल्टमहून बसने आमच्याकडे यायच्या, वही उघडायच्या आणि वाचायच्या. मी कॉम्प्युटरवर उतरवायचे. पहिलं प्रकरण एका शिळालेखाचं होतं. सातव्या शतकात पश्चिमेकडून काही भिक्षू येशूची वार्ता घेऊन चिनी सम्राटाच्या दरबारी आले, आणि पुढच्या शतकात त्याची हकिगत दगडावर कोरली गेली. "हे नीट टाइप कर," त्या म्हणायच्या. "तेव्हा मागे तोफा नव्हत्या. ते विचारून आत आले होते." तो पंथ पुढे विरून गेला. एका सम्राटाने बंदी घातली आणि संपलं. पण लिनबाईंचा त्या भिक्षूंवर जीव होता.

नंतर आली अफू. युद्ध, तह, बंदरं उघडणं, आणि त्या तहांच्याच आडोशाने आत शिरलेले धर्मप्रचारक. काही जण तर अफूच्याच जहाजांतून आले. एका बाजूने पेट्या उतरत, दुसऱ्या बाजूने धर्माची पत्रकं. लिनबाईंचे पणजोबा अफूने खंगले होते. मिशनच्या दवाखान्यात त्यांचं व्यसन सुटलं आणि तिथेच ते ख्रिस्ती झाले. "विष त्यांचं, औषधही त्यांचं," लिनबाई वाचता वाचता थांबून म्हणाल्या, "आणि उपकार मात्र आम्ही फेडायचे." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "ती अफू कुठून यायची माहीत आहे? तुमच्या माळव्यातून. तुमच्या मुंबईतून जहाजं भरायची."

मला राग आला. मी म्हटलं, आमचा काय संबंध, आम्ही तेव्हा गावकुसाबाहेर होतो. त्या म्हणाल्या, "मी तुला दोष देत नाही. टाइप कर." त्या शनिवारी जेवायला थांबल्या नाहीत. पुढच्या शनिवारी संत्री घेऊन आल्या आणि ती सोलता सोलता म्हणाल्या, "येशूवर माझा राग नाही. पण त्याला ज्या गाडीत बसवून आणलं, तिचा वास जात नाही." त्या रोज सकाळी गुडघ्यांवर बसून प्रार्थना करायच्या, हे मी त्यांच्या घरी पाहिलं आहे. किळस आणि श्रद्धा एकाच माणसात इतकी वर्षं कशी नांदते, याचं मला नवल वाटायचं. आता वाटत नाही.

सहावं प्रकरण त्यांनी वहीत लिहिलंच नव्हतं. ते त्यांनी तोंडी सांगितलं, दोन हजार सातच्या उन्हाळ्यात, भिंतीकडे बघत. त्यांचे वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते. सहासष्ट साली सांस्कृतिक क्रांती आली, चर्चला कुलूप लागलं, बायबलं जाळली गेली, आणि एके दिवशी शाळेच्या मैदानात त्यांच्या वडिलांना बाकावर गुडघे टेकवून बसवलं, हात मागे बांधून, गळ्यात पाटी अडकवून. पहिला आरोप वाचला तो मंडळीतल्याच एका वडीलधाऱ्याने. वीस वर्षं तो त्यांच्या घरी जेवला होता. मग मुलीला पुढे बोलावलं. लिनबाई सोळा वर्षांच्या होत्या.

"मी म्हणाले, हा परदेश्यांचा कुत्रा आहे. मग मी थुंकले. गालावर पडलं... हात बांधलेले होते ना, त्यांना पुसता येईना. सभा संपेपर्यंत ते तसंच होतं. मी बघत होते."

माझी बोटं थांबली होती. "टाइप कर," त्या म्हणाल्या. वडिलांना श्रमछावणीत नेलं. दोन वर्षांनी तिथेच ते वारले. पुन्हा भेट झाली नाही. लिनबाई पुढे हाँगकाँगला निसटल्या, तिथून इथे आल्या. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं, चूक होऊ नये म्हणून: 'त्यांनी मला क्षमा केली की नाही हे मला माहीत नाही, आणि ते माझ्या वतीने दुसऱ्या कोणी लिहू नये.'

ऑलिंपिकचं वर्ष जवळ आलं होतं. एका मिशनला चीनबद्दल पुस्तिका काढायची होती, आणि आमच्या चर्चमधून त्यांना लिनबाईंचं नाव कळलं. स्टीवन नावाचा त्यांचा संपादक मला भेटला. मी हुरळून गेले. लिनबाईंना विचारून, पण माझ्याच उत्साहाने, सगळी फाइल मी त्याला ईमेल केली. नोव्हेंबरमध्ये तो फेल्टमच्या फ्लॅटवर आला. गोड माणूस, बूट दाराशी काढले, चहाची तारीफ केली, दोन्ही हात जोडल्यासारखे धरून बोलला. शिळालेख सुंदर आहे म्हणाला. अफूचं प्रकरण ब्रिटिश वाचकाला जरा राजकीय वाटेल. आणि सहावं...

"वाचकाला आशा हवी असते," तो म्हणाला.

"मलाही हवी होती," लिनबाई म्हणाल्या.

"साक्ष म्हणजे देवाने काय केलं ते सांगणं, मिसेस लिन."

"मग मी काय केलं ते कोण सांगणार?"

तो हसला, मान कलती करून, आजारी माणसाकडे बघून हसतात तसा. तो गेल्यावर मी जे बोलले ते इथे लिहायलाच हवं, नाहीतर माझा हा सगळा संताप खोटा ठरेल. मी म्हणाले, "लिनबाई, इतक्या वर्षांची मेहनत छापून येतेय. एवढं एक प्रकरण राहिलं तर बिघडलं कुठे? तेवढं होऊ द्या आणि मोकळ्या व्हा."

त्यांनी कप गोळा केले. सिंककडे तोंड करून म्हणाल्या, "त्या वडीलधाऱ्यानेही सभेच्या आधी मला हेच सांगितलं होतं. एवढं एक बोल आणि मोकळी हो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टीवनला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, पुस्तक मागे घेतलं. महिन्याभरात पोटात गाठ निघाली. मला त्यांनी त्या वाक्याची आठवण कधी करून दिली नाही, शेवटपर्यंत माझ्या नखांची काळजीच केली.

आणि मग गुरुवार. चर्चच्या दाराशी दोन मुली हसतमुखाने पुस्तिका वाटत होत्या. चकचकीत कव्हर, कमळ, लिनबाईंचा नर्सच्या गणवेशातला तरुणपणीचा फोटो. आत उभ्या उभ्या चाळली. अफू नाही. दवाखाना आहे, दयाळू डॉक्टर आहे, पणजोबांचे आनंदाश्रू आहेत. सहाव्या प्रकरणाच्या जागी एक पान: सोळा वर्षांची मुलगी भर सभेत निर्भयपणे वडिलांच्या शेजारी उभी राहिली, आणि वडिलांनी छळणाऱ्यांना नजरेनेच क्षमा केली. माझ्याच फाइलवरून हे केलं होतं. टायपिंगच्या माझ्या दोन चुका जशाच्या तशा होत्या. शवपेटी समोर होती, आणि तिच्यातल्या बाईला गप्प पाहून हे काम उरकलं होतं.

स्टीवन माझ्याजवळ आला. तू तिची जवळची, म्हणाला, हे पान तूच वाच. मी नाही म्हणायला हवं होतं. मी पुस्तिका घेऊन उभी राहिले आणि वाचू लागले, आवाजही बरा लागला होता. 'वडिलांच्या शेजारी' या शब्दांपाशी आले आणि थांबले. चर्चमध्ये कुणीतरी खोकलं. मी म्हटलं, "हे लिनबाईंनी लिहिलेलं नाही. त्या शेजारी उभ्या नव्हत्या. समोर होत्या." आणि जागेवर जाऊन बसले. ऑर्गन लगेच सुरू झाला.

नंतर हॉलमध्ये सँडविच होती. स्टीवन कुणाला तरी सांगत होता की दुःखात माणसं असं काही बोलून जातात, आपण समजून घ्यायला हवं. तो मलाही क्षमा करत होता. त्या तोंडात त्या वेळी अंड्याचं सँडविच होतं, आणि ते मला अजून दिसतं.

मे माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती इथेच जन्मलेली, शाळेत शिकवते, सहसा आवाज चढवत नाही. "परवानगी मी दिली," ती म्हणाली. "आईने मला कधीच काही सांगितलं नाही. तुला सांगितलं, टायपिंग करणाऱ्या बाईला. मला ती त्या पानावरची आई हवी आहे. तुला काय अधिकार होता?"

लिनबाईंचा मान राखला असं म्हणावं, तर त्यांच्या मुलीला तिच्या आईच्या फ्युनरलमध्ये मी उघडं पाडलं. त्या दिवसाच्या किळसेत मीही आहे, स्टीवनइतकी नसेन, पण आहे. पुढचे तीन रविवार मी चर्चला गेले नाही. नवरा म्हणाला, दुसरं चर्च बघू. मी म्हटलं, तिथे तरी कोण असणार आहे?

चौथ्या रविवारी गेले, चहानंतर किचनमध्ये कप विसळायला लागले. फ्युनरलला मागच्या बाकावर बसलेले मिस्टर चॅन दारात उभे होते. दुपारच्या मंडळीतले, चिनी जेवणाचं टेकअवे दुकान चालवून थकलेले, सत्तरीचे गृहस्थ. त्यांची उपासना सुरू व्हायला अजून दोन तास होते. त्यांनी टोपी हातात घेतली होती.

"तू म्हणालीस, समोर," ते म्हणाले. "समोर म्हणजे काय?"

सहाव्या प्रकरणाची छापील प्रत माझ्या पर्समध्ये होती. मला ती मेला द्यायची होती आणि धीर होत नव्हता. मिस्टर चॅनना इंग्रजी वाचायला जड जातं, म्हणून आम्ही किचनमधल्या दोन स्टुलांवर बसलो, लिनबाई दर शनिवारी माझ्याकडे येऊन हे सांगायच्या असं मी म्हटलं आणि सावकाश वाचलं. मैदान, पाटी, वडीलधारा, थुंकी. कठीण शब्द आला की थांबून सोपा करून सांगितला. शेवटचं वाक्य मीही दोनदा वाचलं. त्यांनी मध्ये एकदाही मान वर केली नाही.

वाचून झालं. बाहेर हॉलमध्ये खुर्च्या लावल्याचा आवाज येत होता.

"आमचं गाव दुसरं," ते म्हणाले. "माझा थोरला भाऊ होता. मीही समोर होतो."

त्यांनी टोपी टेबलावर ठेवली, खिशातून चष्मा काढून पुसला, आणि विचारलं, "लिनच्या शनिवारी आता कोण येतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "या तुम्ही."