दोनांच्या जागेत तीन

मी गणित शिकवतो, म्हणून शाळेचं बँडपथक माझ्याकडे आलं.

बँडचे सर निवृत्त झाले आणि मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांवरून एकदा नजर फिरवून ती माझ्यावर थांबवली. "ताल म्हणजे शेवटी आकडेच की हो," ते म्हणाले. तोवर मी वाजवलेलं एकमेव वाद्य म्हणजे मधल्या सुट्टीची घंटा, तीही शिपाई रजेवर होता म्हणून. पण आमच्या मुख्याध्यापकांचं असंच असे. (चित्रकलेच्या सरांना त्यांनी याच न्यायाने कंपाउंडची भिंत रंगवायला लावली होती.) मी हो म्हणालो.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. माझी मुलगी मानसी त्याच शाळेत नववीत होती, आणि सव्वीस जानेवारीच्या संचलनात मुलींच्या तुकडीचं नेतृत्व तिला मिळालं होतं. रत्नागिरीतल्या सगळ्या शाळा त्या दिवशी मैदानात उतरत. मानसी रोज संध्याकाळी मांडवीच्या वाळूत उभी राहून समुद्राला हुकूम सोडायची. समुद्र ऐकत नसे, पण दिवाळीपर्यंत तुकडीतल्या तीस मुली ऐकायला लागल्या होत्या.

आणि दिवाळीत माझा मेहुणा सुधीर मुंबईहून आला.

सुधीर ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो. म्हणजे भोवती सहा-सात ढोल आणि पितळी थाळ्या मांडून मधोमध बसतो आणि दोन्ही हात, दोन्ही पाय वेगवेगळे हलवतो. माझ्या सासऱ्यांनी हे एकदाच पाहिलं. तेव्हापासून कोणी चौकशी केली तर ते "सुधीर मुंबईला असतो" एवढंच सांगतात.

त्याने आमच्या बँडची तालीम पाहिली आणि घरी जेवताना म्हणाला, "भावोजी, वाजतंय सरळ. पण जातं फिरवल्यासारखं वाटतं हो. जरा पॉलिऱ्हिदम टाका."

"तो कसला?"

त्याने दोन वाट्या पालथ्या घातल्या आणि हातांत दोन चमचे घेतले. "उजव्या हाताने तीन ठोके, डाव्याने दोन. दोन्ही हात एकदम सुरू आणि एकदम पुरे." आणि त्याने ते वाजवलं. दोन वाट्यांतून असा काही डौलदार ताल निघाला की मी घास घ्यायचा विसरलो.

"म्हणजे दोन आणि तीनचा लसावि," मी म्हणालो. "सहा." कागदावर सहा घरं आखली. उजवा हात पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या घरात. डावा पहिल्या आणि चौथ्या. "झालं की. यात शिकायचं काय आहे?"

"वाजवा," सुधीर म्हणाला.

मी वाजवलं. माझी बायको सुनंदा आतून म्हणाली, "काय सांडलं?"

माझे दोन्ही हात म्हणजे एका घरात दिलेल्या सख्ख्या बहिणी निघाल्या. एक निघाली की दुसरी निघालीच. उजव्याला तीन सांगितले की डावाही तीन मारायचा, डाव्याला दोनवर आणलं की उजवा रुसून थांबायचा. शेवटी जाताना सुधीरने एक युक्ती सांगितली. म्हणाला, "भावोजी, तोंडाने 'वाढ गरम भात' म्हणायचं. 'वाढ'ला दोन्ही हात, 'ग'ला उजवा, 'रम'ला डावा, 'भात'ला पुन्हा उजवा. महिन्यात बसेल."

तो महिना आमच्या घराने सोसला. मी दात घासताना, दाढी करताना, पोलीस परेड पाहिल्यासारखा ताठ बसून वर्तमानपत्र वाचताना "वाढ गरम भात, वाढ गरम भात" म्हणत मांड्यांवर ठोके मारू लागलो. पहिले दोन दिवस सुनंदाने खरोखरच भात वाढला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सकाळचे आठ वाजलेत. माणसाने भुकेलाही काही वेळकाळ ठेवावा."

सहामाहीच्या उत्तरपत्रिकांवर उजव्या हाताने तीन टिंबं आणि डाव्या हाताने दोन पडत गेली. एका मुलाच्या वडिलांनी शाळेत येऊन विचारलं, की हे गुण दशांशात आहेत का.

शेजारच्या गोडबोले काकूंनी मला फाटकात उभं राहून हात हलवताना पाहिलं आणि सुनंदाला बाजूला घेतलं. "आमच्या ह्यांचं अस्संच सुरू झालं होतं हो. आधी हातच." पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, नुसतं आपल्या घराकडे वळून दारातून दिसणाऱ्या, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सुनंदाने मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझ्या डाव्या गुडघ्यावर छोट्या हातोडीने दोनदा ठोकलं. मी म्हटलं, "आता उजव्यावर तीनदा ठोका, पण वेळ तेवढाच घ्या." डॉक्टरांनी सुनंदाला एकटीलाच आत बोलावून घेतलं.

पण डिसेंबरात एके दिवशी तो ताल बसला. पुरतं अर्धं मिनिट. आणि एखाद्या माणसाला पन्नाशीच्या आसपास नवीन काही आलं, की ते जगाला दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी ठरवलं, संचलनाला हाच ताल वाजवायचा. छोट्या ड्रमवरची मुलं तीन वाजवतील, मोठ्या ढोलावरची शबाना दोन वाजवेल.

मानसीने वही मिटली. "बाबा, मुली चालणार कशावर?"

"दोनवर. ढोल ऐकायचा आणि चालायचं. तीन फक्त शोभेला."

"आम्हाला शोभा नकोय. डावा-उजवा पाहिजे."

"अगं, गणिताने बरोबर आहे ते."

"पायांना गणित येत नाही," ती म्हणाली. सुनंदा म्हणाली, "हातांनाही."

पण तालमीत जमलं. सगळं श्रेय शबानाचं. दहावीतली ती मुलगी, मनगट असं की ढोल एकदा वाजला की पलीकडच्या रस्त्यावरचे रिक्षावालेही पाय जुळवत. तिचे दोन इतके ठाम पडत की वरच्या तीनाकडे कोणी लक्षच देत नसे. मला मात्र वाटत होतं की लोक तीन ऐकून थक्क होतायत.

चोवीस जानेवारीला शबानाला कांजिण्या आल्या.

"ढोल मी घेतो," मी म्हणालो.

मानसीने मला घरातल्या देवासमोर उभं केलं. "बाबा, साधं वाजवायचं. नुसतं धम, धम. बाकी काही नाही."

"नाही गं."

"शप्पथ घ्या."

घेतली.

सव्वीसला लाल मैदानावर पांढरी फक्की मारलेली, व्यासपीठावर पाहुणे, समोर सगळं गाव. आमचं पथक बाजूला उभं. पोटावर ढोल बांधल्यामुळे मला स्वतःचे बूट दिसत नव्हते. मानसीने हुकूम दिला, मुली निघाल्या, मी धम, धम सुरू केलं. सगळं छान चाललं होतं. नंतर घरी मी सांगितलं की घाबरल्यामुळे झालं. ते खोटं आहे. पाहुणे माझ्याकडे बघतायत असं मला वाटलं आणि मोह झाला, एवढंच.

डाव्या हातातली काडी ढोलाच्या कडेवर दोनच मारत होती, पण ती ऐकतो कोण. उजव्या हातातला मोठा दांडका ढोलावर तीन मारू लागला. पुढच्या रांगा मानसीकडे बघून दोनावर चालत राहिल्या. मागच्या रांगा नेमक्या आमच्यासमोर होत्या, त्यांनी ढोल ऐकला आणि त्या तीनावर गेल्या. दोन पावलांच्या वेळेत तीन पावलं. असलं गणित मी वीस वर्षं फळ्यावर घालत आलो आहे. दोन तुकड्या एकाच दिशेने वेगवेगळ्या वेगाने निघाल्या, तर मागची पुढचीला कुठे गाठेल? उत्तर, बरोब्बर व्यासपीठासमोर.

मधल्या रांगेतल्या मुली धड इकडे ना तिकडे, जागच्या जागी उड्या मारत होत्या. एकीचा बूट निघाला. पाहुण्यांनी सलामीला उचललेला हात तसाच ठेवून शेजारच्याला काहीतरी विचारलं.

तेवढ्यात मानसीचा आवाज आला. "बँड बंद! कदमताल!" तिने मागे वळूनही पाहिलं नाही. तीस मुली जागच्या जागी पाय आपटू लागल्या. "एक, दो, एक. एक, दो, एक." रांगा सावरल्या, बूटवालीने बूट सोडला. "आगे बढ! दाहिने देख!" आणि तुकडी ढोल न ऐकता, नुसत्या त्या आवाजावर, सुतात ओवल्यासारखी व्यासपीठासमोरून निघून गेली.

छोटे ड्रम हुकूम ऐकताच थांबले होते. मी थांबलो नव्हतो. मला ऐकूच आलं नव्हतं, कारण आयुष्यात पहिल्यांदा माझा ताल पुरता बसला होता. एकही ठोका चुकत नव्हता. मी डोळे मिटले होते. मुख्याध्यापकांनी येऊन माझं मनगट धरलं तेव्हा मैदानात तो एकच आवाज होता.

तुकडीचा क्रमांक शेवटून पहिला आला. पाहुण्यांनी भाषणात "नव्या पिढीच्या संगीतातल्या प्रयोगांचं" कौतुक केलं, ते ऐकून मुख्याध्यापक टाळ्या वाजवणार होते, पण माझ्याकडे लक्ष गेल्यावर थांबले. मानसी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मी समोर बसलेला असताना ती "आई, बाबांना मीठ सरकवायला सांग" म्हणायची. नवव्या दिवशी मी तिच्या खोलीच्या दारात जाऊन म्हणालो, "चुकलं माझं. शप्पथ मोडली." तिने पुस्तकातून मान वर न करता विचारलं, "निदान नीट वाजलं का?" मी म्हटलं, "अगदी नीट." ती म्हणाली, "मग बसा." त्यावर आमचं मिटलं.

उत्कृष्ट तुकडीप्रमुखाचं बक्षीस मात्र सगळ्या शाळांतून मानसीलाच मिळालं. शाळेतल्या समारंभात मुख्याध्यापकांनी तिला माईकसमोर उभं केलं आणि विचारलं, "आजूबाजूला एवढा गोंधळ चालू असताना डोकं शांत ठेवायला तू कुठे शिकलीस, बाळ?"

"घरी, सर," मानसी म्हणाली.

सगळी शाळा हसून टाळ्या वाजवू लागली. मी उभा राहून, हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला.