म्यानाच्या पाठची दोन भोकं

तुगाया हे सरोवराकाठचं पितळकामाचं गाव. जुनं पोलाद ओळखावं ते तिथल्या हाजी बन्तुआस यांनीच, असं पैलतीरावरही मानत. खंजीर समोर आला की त्यांचा निवाडा तीनपैकी एक असे. समारंभाचा, म्हणजे मानाच्या बैठकीला कमरेशी खोवायचा. राखणीचा, म्हणजे मंतरून घरात जपायचा. आणि बाजाराचा, म्हणजे हौशी गिऱ्हाइकाने भिंतीवर टांगायचा. बाजाराचे खंजीर गावातच बनत, त्यामुळे त्यांच्यासाठी हाजींना कोणी बोलवत नसे.

त्या शुक्रवारी बोलावलं. पुतणी रोहानिफाचं लग्न जमत आलं होतं. मुलाकडच्यांनी वधूमूल्यात एक पिढीजात खंजीर मांडला होता, आणि तिच्या बापाने, हाजींच्या धाकट्या भावाने, "आमचे दादा बघतील" म्हणून तो पुढे सरकवला होता. रोहानिफाला हाच मुलगा हवा होता. ती पडद्यामागे बसून ऐकत होती.

हाजींनी पातं उपसलं. नागमोडी होतं, पण ती वळणं हातोडीची नव्हती, कानशीने घासून आणलेली होती. मूठ देखणी होती, फक्त कोणाच्या मुठीत बसणारी नव्हती. त्यांनी म्यान उलटं केलं. पाठीवर खिळ्याच्या मापाची दोन भोकं होती.

"ही कसली?"

"बरकत आत-बाहेर व्हायला," मुलाचा मामा म्हणाला. "आमचे पणजोबा बैठकीला हाच लावून जात."

"भिंतीसकट जात असतील," भाऊ पुटपुटला.

मामाने कॉफीचा पेला खाली ठेवला. तिकडे असा पेला ठेवला गेला की लोक आपल्या बाजूची माणसं मोजू लागतात. बाजाराचा म्हणावं, तर त्या घराची अब्रू जाणार, आणि अब्रू गेलेलं घर सोयरीक करत नाही, वैर करतं. समारंभाचा म्हणावं, तर भावाला काही डोळे नव्हते असं नाही.

हाजी मुलाच्या आजीकडे वळले. "आजी, हा घरात कुठे असतो?"

"पांढऱ्या फडक्यात, तांदळाच्या मडक्यावर. पोर फार रडलं की पाण्यात बुडवते आणि ते पाणी पाजते."

"गप्प होतं?"

"होतं की. गंजाचं पाणी, कडू लागतं. या मामालाही पाजलंय. पण याला गुण आला नाही."

"सगळ्या नातवंडांना पाजलंत?"

"आणि त्यांच्या आयांना, मामांनाही."

हाजींनी पातं म्यानात घातलं. "खंजीर राखणीचा आहे. राखणीची वस्तू घराबाहेर गेली की घर उघडं पडतं. ती वधूमूल्यात धरता येत नाही. घरी न्या, आणि तिच्या जागी तुमच्या ओसरीवरचा नक्षीचा पितळी कलश द्या."

मामाने पेला उचलला. "मी म्हणतच होतो, हा साधा खंजीर नाही. कलशाचं काय, कलश देऊ."

पाहुणे गेल्यावर भाऊ म्हणाला, "दादा, तो बाजाराचा होता."

"घेतला तेव्हा होता. पुढे दोन पिढ्या त्याचं पाणी प्यायल्या. आता त्याला बाजारात कोण पाठवणार?"

"आणि कलश?"

"कलश जुना आहे. गेल्या ईदला बघून ठेवला होता."

पडद्यामागून रोहानिफाने विचारलं, "काका, कलश कोणत्या दिवशी येणार?"

"लग्नाच्या आदल्या दिवशी."

"मग तो दिवस तेवढा आजच ठरवून टाका," ती म्हणाली, आणि पाहुण्यांचे पेले उचलायला बाहेर आली.