नलूमावशी आणि गौरीची पावलं

अमेरिकेत, आमच्या कॅरी गावात चार मराठी माणसं जमली, की नलूमावशींचा एक तरी किस्सा निघतोच. मावशी पायांच्या डॉक्टर, आता रिटायर झालेल्या. पण माणसाच्या चेहऱ्याआधी पाय बघायची सवय काही सुटलेली नाही.

कुणाकडे पॉटलकच्या जेवणाला आल्या, की दारातल्या चपला-बुटांपाशी थबकतात. एकदा समीरकडे एक स्नीकर उलटा करून म्हणाल्या, "हा कुणाचा? टाच आतून झिजलीय. गुडघा दुखतो ना?" बूट समीरचाच होता. गुडघ्याचं त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मावशींनी त्याला बुटात घालायचे इनसोल करून घ्यायला लावले. दोन महिन्यांनी समीर म्हणाला, "मावशी, काहीच फरक नाही."

"ऑफिसला जातोस ना?"

"नाही, वर्क फ्रॉम होम. आणि घरात बूट कोण घालतं?"

"मग बुटांना नक्की आराम पडला असेल."

एकदा पूल डिझाइन करणारे एक काका मावशींनाच तळपायाची कमान समजावून सांगत होते. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "कमान वजनानं थोडी बसते आणि पाऊल उचलताना परत उसळते. तुमचा पूल जरा चालवून दाखवा!" काका जेवायला उठले.

आता आमच्या घरातला किस्सा. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीचे, इराचे पाय सपाट. स्विमिंग क्लासला तिच्या ओल्या पावलांना कुणीतरी 'डक फीट' म्हणालं, तेव्हापासून ती घरातही सॉक्स घालून फिरायची. आमच्याकडे गौर मुलीनं अनवाणी आत आणायची. यंदा इरानं साफ नकार दिला. मला फार वाईट वाटलं.

मावशींनी तिला चवड्यांवर उभं केलं. "बघ, आली ना कमान? टाच टेकली की दबते, एवढंच. दुखतं का? नाही ना? मग औषध कशाला?"

इरा म्हणाली, "बट गौरीज फीट हॅव द कर्व्ह."

गौरी यायच्या दिवशी पावलं उमटवायला मावशी स्वतः बसल्या. कुंकवात मूठ बुडवून दारापासून देवापर्यंत ठसे काढले, वर बोटांचे पाच-पाच ठिपके दिले. मग मागे येऊन एकेका पावलाची आतली खोलगट जागा बोटानं कुंकू लावून भरत गेल्या.

साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, गौरीची पावलं अशी असतात का?"

मावशींनी मान वर केली नाही. "चाळीस वर्षं पायच बघितलेत मी. अशीही असतात."

इरानं सॉक्स काढले आणि गौर उचलली.